३१२ साग आणि ५९ फळ्या

मामांचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. "व्यापारी येऊन गेला. सगळं रान उक्तं मागतोय. तू आकडेवारीच शिकवती ना, मग ये एकदा. त्याचा हिशेब बघ."

नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढे, हरसूल रस्त्याला, मामांचं रान आहे. खाली टोमॅटो, थोडी द्राक्षं, आणि वरच्या अंगाला वीस गुंठ्यांचा मुरमाड उतार. त्या उतारावर काही पिकत नव्हतं. म्हणून १९९६ च्या पावसाळ्यात मामांनी तिथे सागाचे स्टंप, म्हणजे मुळासकट छाटलेली रोपं, लावले, दोन-दोन मीटरवर, पाचशेच्या आसपास. पहिल्या दोन उन्हाळ्यांत काही गेले, एकदा वणव्यानं काही नेले. विरळणी कधी झालीच नाही. लहानपणापासून मी सुट्टीत तिथे जाते आहे, पण त्या झाडांकडे आकडे म्हणून कधी पाहिलं नव्हतं. सोळा वर्षं मी नाशिकच्या एका कॉलेजात संभाव्यता वितरणं शिकवते आहे. फळ्यावर उदाहरण कायम तेच, बल्बचं आयुष्य. विद्यार्थी वहीत उतरवतात, मी पुसते.

व्यापाऱ्याचा हिशेब साधा होता. त्यानं दहा-बारा झाडं मोजली होती, सरासरी घेर २४ इंच धरला होता, एका झाडाचे घनफूट काढून त्याला झाडांच्या संख्येनं गुणलं होतं आणि एकच दर लावला होता. मामा म्हणाले, "सरासरी काढली त्यानं. सरासरी तर बरोबरच असती की."

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण तिनं मला बरेच दिवस गोंधळात टाकलं. त्याची सरासरी खरोखरच बरोबर होती. पुढे आम्ही नीट मोजलं तेव्हा आमचीही सरासरी ६१ सेंटिमीटरच आली, म्हणजे २४ इंचच. माणूस खोटं बोलत नव्हता. तरी हिशेब कमी भरत होता.

कारण लाकूड घेराच्या प्रमाणात वाढत नाही, घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दोन झाडं घ्या, एक ४० सेंटिमीटर घेराचं, एक ८० चं. सरासरी ६०. साठाचा वर्ग ३,६००, दोन झाडांचे ७,२००. पण प्रत्यक्षात चाळिसाचा वर्ग १,६०० आणि ऐंशीचा ६,४००, बेरीज ८,०००. सरासरीचा वर्ग आणि वर्गांची सरासरी यांतला हा फरक मी दरवर्षी प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या, सूत्रात शिकवते. त्या फरकाला वखारीत भाव मिळतो, हे मात्र त्या दिवशी मामांच्या ओट्यावर बसून पहिल्यांदा लक्षात आलं. आणि दरही एकच नसतो. व्यापाऱ्यानंच बोलता बोलता सांगितलं की पस्तीस इंचांच्या वरच्या मालाला घनफुटाला दीडपट मिळतात, कारण त्यातून रुंद फळी निघते आणि पिकलेला गाभा जास्त असतो. म्हणजे जाड झाड दोनदा मोठं ठरतं. एकदा आकारात, एकदा दरात.

मग प्रश्न सरासरीचा राहत नाही. कोणत्या घेराची किती झाडं, हा प्रश्न होतो. तेच तर वितरण.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी आणि माझी एक विद्यार्थिनी टेप, खडू आणि वही घेऊन वर चढलो. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजायचा असतो. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूनं उभं राहून उंची धरायची. टेप आडवा राहिला पाहिजे, वेल मध्ये आला तर सोडवून घ्यायचा. हे सगळं आम्ही नीट केलं. चूक दुसरीकडेच झाली. आतमध्ये घाणेरी इतकी माजली होती की दोन झाडांमध्ये शिरणं अवघड. आम्ही बांधाच्या कडेनं, पायवाटेनं, जिथे जाता येईल तिथे गेलो आणि साठ झाडं मोजून संध्याकाळी खाली उतरलो. सरासरी ७१ सेंटिमीटर. मी त्या उत्साहात तिथेच मामांना सांगून टाकलं की व्यापारी तुम्हाला फार कमी देतोय. मामी चहा ठेवायला उठल्या, मामांनी लगेच धाकट्याला फोन लावला.

रात्री नाशिकला परत येऊन हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या घेराची किती झाडं ते दाखवणारा स्तंभालेख, काढला आणि पोटात गोळा आला. त्याला दोन उंचवटे होते. एक साठच्या आसपास, एक नव्वदच्या. एका वेळी लावलेल्या, एका जातीच्या झाडांना दोन शिखरं यायचं कारण नाही. यायची तर मोजणीत बहुधा दोन वेगळ्या गटांची सरमिसळ झालेली असते. बांधावरच्या झाडांना एका बाजूनं पूर्ण ऊन, खालच्या टोमॅटोचं पाणी आणि खत. ती फुगलेली. आतली झाडं एकमेकांच्या सावलीत उभी. मी बांधाची झाडं मोजून आतल्या रानाचा अंदाज बांधला होता. दुसऱ्या दिवशी मामांना फोन करून आकडा मागे घेतला. ते काही बोलले नाहीत. मला मात्र फार वाईट वाटलं. सोळा वर्षं नमुना कसा निवडावा हे शिकवणाऱ्या बाईनं हे करावं!

रानात फिरत फिरत "रँडम" निवडलेली झाडं कधीच रँडम नसतात. जाड झाड लांबून दिसतं, पाय तिकडेच वळतात. ऑस्ट्रियाचे वनाधिकारी वॉल्टर बिटरलिख यांनी १९४८ साली नेमक्या याच गोष्टीची पद्धत बनवली. एका जागी उभं राहून ठरावीक कोनातून गोल फिरत बघायचं आणि त्या कोनापेक्षा रुंद दिसणारी झाडं मोजायची. त्यात प्रत्येक झाड मोजलं जाण्याची शक्यता त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, आणि ते आधीच माहीत असल्यामुळे हिशेबात बरोबर वजा होतं. त्यांनी कल ओळखून वापरला. मी न ओळखता त्यात अडकले.

दुसऱ्या खेपेला मामांनी दोन गडी लावून घाणेरी तोडून घेतली. आतल्या रांगा तेरा. त्यांत झाडं ३१२. त्यांशिवाय बांधावरची २८, ती आम्ही वेगळी काढली आणि ती सगळीच मोजली. आतल्या झाडांसाठी एक ते पाचमधून चिठ्ठी काढली, तीन आली. मग तिसरं झाड, आठवं, तेरावं, असं दर पाचवं. काटे असोत, मुंग्यांचं वारूळ असो, नंबर आला की तेच झाड मोजायचं. बासष्ट झाडं झाली. सर्वात बारीक २७ सेंटिमीटर, सरासरी ६१, प्रमाण विचलन १८ च्या जरा आत.

मामांनी विचारलं, "एवढं करती तर सगळीच मोज ना. वितरण कशाला पाहिजे?"

प्रश्न रास्त होता. तेव्हा वेळ नव्हता हे एक. दुसरं असं की बासष्ट झाडांत नव्वदच्या वरची जेमतेम चार होती. चारवरून पाच पट करून वीस म्हणणं म्हणजे फार कच्चा अंदाज. एखादं झाड इकडचं तिकडे झालं असतं तर पंधरा किंवा पंचवीस आले असते. पण सगळ्या बासष्ट झाडांचा मिळून एक आकार असतो. तो आकार ओळखता आला तर टोकाच्या चार झाडांबद्दल मधली अठ्ठावन्न झाडंही काही सांगतात. वितरण बसवायचं ते एवढ्यासाठी.

आधी सवयीनं नॉर्मल वितरण बसवून पाहिलं. घंटेच्या आकाराचं, सगळ्यांच्या ओळखीचं. ते म्हणालं, २६ सेंटिमीटरच्या खालची सात-आठ झाडं सापडतील आणि नव्वदच्या वरची सतरा. पण इतकी बारीक झाडं रानात दिसत नव्हती. सव्वीस-सत्तावीस वर्षांत जी मागे पडली ती सावलीत मरून गेली. डावीकडे भिंत आहे आणि उजवीकडे उतार, असा आमच्या रानाचा आकार. घंटा दोन्हीकडे सारखीच उतरते.

मग वायबुल. वालोडी वायबुल हे स्वीडनचे अभियंते. पदार्थ का आणि केव्हा तुटतात याचा अभ्यास करताना त्यांनी १९३९ मध्ये हे वितरण मांडलं आणि १९५१ च्या निबंधात ते किती वेगवेगळ्या ठिकाणी बसतं ते उदाहरणांसह दाखवलं. त्या उदाहरणांत पोलाद आहे, राखेचे कण आहेत, घेवड्याच्या बियांची रुंदी आहे आणि भारतीय कापसाच्या तंतूची ताकदही आहे. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. जंगलात ते आणलं बेली आणि डेल यांनी, १९७३ मध्ये, झाडांच्या व्यासांसाठी. वनशास्त्रात ते टिकलं याचं कारण त्याचा लवचिकपणा. त्यात आकार ठरवणारा एक आकडा असतो. तो १ असला तर वक्र सुरुवातीपासून घसरत जातो, साडेतीनच्या थोडा वर असला तर जवळजवळ घंटेसारखा दिसतो, त्याहून कमी असला तर उजवीकडे शेपूट लांबते, जास्त असला तर डावीकडे. एकाच सूत्रात कोवळं रान, जुनं रान, दाट, विरळ, सगळं मावतं.

यातली एक गोष्ट मी मामांना वहीवर करून दाखवली. झाडं बारीकपासून जाडपर्यंत ओळीनं लिहायची. सर्वात खालची मर्यादा आपण धरायची, आम्ही २४ सेंटिमीटर धरली. मग ६३.२ टक्के झाडं ज्या घेराच्या आत येतात तो घेर शोधायचा. आकार कोणताही असो, वायबुलमध्ये हा बिंदू कायम ६३.२ टक्क्यांवरच येतो. बासष्ट झाडांत तो येतो एकोणचाळिसाव्या झाडावर. ते झाड होतं ६६ सेंटिमीटरचं. त्यातून २४ वजा केले की ४२, हा झाला पसरटपणाचा आकडा. मामांनी ते झाड जाऊन बघितलं, हात लावला आणि म्हणाले, "हे बरं आहे. हिशेबाचं झाड."

आकाराचा आकडा आला २.२. त्यावरून ३१२ झाडांचं भाकीत केलं. ४५ सेंटिमीटरच्या खालची ६१, ७५ च्या वरची ६७, आणि ९० च्या वरची २१. सगळ्या घेरांचे वर्ग मिळून व्यापाऱ्याच्या सरासरीच्या हिशेबापेक्षा साडेआठ टक्के जास्त, आणि हे दर सारखा धरून. ७५ च्या वरची झाडं संख्येनं पाचवा हिस्सा, पण छेदाच्या क्षेत्रफळात त्यांचा वाटा ४० टक्के. उक्त्यात नफा कुठून येतो ते इथे दिसलं. सरासरीला भाव द्यायचा आणि शेपूट घेऊन जायची.

अजून एक फरक होता, पण तो लबाडीचा नाही, रिवाजाचा आहे. वखारीत गोल लाकडाचे घनफूट चौथाई घेरानं काढतात. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ३६ इंच घेराचा दहा फुटी नग या रीतीनं ५.६३ घनफूट भरतो. गोलाचं खरं क्षेत्रफळ धरलं तर ७.१६. म्हणजे शंभरातले साधारण साडेएकवीस हिशेबातून जातात. चिरकामात भुसा आणि पाठाडं (कडेचे गोलसर तुकडे) जातात, त्याची ही जुनी सोय. सगळा बाजार याच मापानं चालतो आणि दरही त्याच मापाचा असतो, म्हणून तक्रार नाही. फक्त एकानं एका मापानं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या मापानं बोललं की भांडण होतं. मामांचं आणि व्यापाऱ्याचं होता होता राहिलं.

त्याच सुमारास एकदा मामांबरोबर शेजारच्या डोंगरावर गेले होते, जिथे नैसर्गिक रान शिल्लक आहे. ऐन, धावडा, मोहा, मधूनमधून साग. मला सवय लागली होती, मी मनातल्या मनात घेर मोजत होते. तिथला आकार अगदी वेगळा. बोटाएवढी रोपं असंख्य, मनगटाएवढी त्याहून कमी, मांडीएवढी त्याहून कमी आणि कवेत न मावणारं एखादंच. फ्रान्सच्या द लिओकूर यांनी १८९८ मध्ये अशाच रानांत पाहिलं होतं की जाडीच्या एका वर्गातून पुढच्या वर्गात जाताना झाडांची संख्या जवळपास ठरावीक पटीनं कमी होते. मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. इथं लेकरं आहेत, नातवंडं आहेत, म्हातारे आहेत. माझ्याकडं सगळे एका वयाचे, म्हणून नुसती मारामारी." वितरणाचा आकार बघून रानाचं वय आणि कुटुंब सांगता येतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. वर्गात आता तसंच सांगते.

तोडायचं ठरलं तेव्हा परवानगीची कामं सुरू झाली. साग खासगी जमिनीवरचा असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतो. सातबारा, अर्ज, पाहणी, झाडांवर नंबर. त्यात वेळ गेला, पण नंबर टाकायचे म्हणून प्रत्येक झाडाचा घेर मोजला गेला आणि माझ्या भाकिताची परीक्षा आपोआप झाली. ४५ च्या खाली ६६ निघाली, मी ६१ म्हटलं होतं. ७५ च्या वर ६४, मी ६७ म्हटलं होतं. ९० च्या वर २३, मी २१ म्हटलं होतं, नॉर्मलनं १७. सर्वात बारीक झाड २६ सेंटिमीटरचं, आणि तेवढं एकच. बासष्ट झाडांच्या नमुन्यात यापेक्षा मोठी चूकही सहज झाली असती, म्हणून मी याचा फार डंका पिटत नाही. पण ती यादी हातात आली त्या संध्याकाळी मी ती चार वेळा वाचली.

मामांनी उक्तं दिलं नाही. नव्वदच्या वरची २३ मोजून, नगावर दिली. पंचेचाळीसच्या खालची ६६ वाशांसाठी गेली. मधली २२३ उभी आहेत, आता त्यांना ऊन मिळतं. सगळी जाड एकदम काढू नका, असं मी सांगितलं होतं. कारण जी झपाट्यानं वाढली तीच काढत राहिलं तर मागे नुसती रखडलेली उरतात. त्यांना पैशाची गरज होती, म्हणून हा मधला मार्ग.

मामांकडे भिंतीला लावलेला तो वक्र दादानं बघितला. दादा म्हणजे मामांचा मोठा मुलगा. नाशिकच्या अंबडच्या बाजूला त्याचं पॅलेटचं, म्हणजे माल रचून उचलायच्या लाकडी पाटांचं, छोटं वर्कशॉप आहे. द्राक्षांच्या हंगामात निर्यातीची पॅलेट, एरवी कारखान्यांच्या मालाची. परदेशी जाणारं लाकडी पॅलेट तापवून घ्यावं लागतं, लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सियस सलग ३० मिनिटं, म्हणजे आतली कीड मरते. ते सगळं तो चोख करतो. त्याचं दुखणं वेगळं होतं. एका पॅकहाउसमध्ये फोर्कलिफ्टवर पॅलेट उचलताना वरची फळी मोडली आणि द्राक्षांच्या पेट्या खाली आल्या. पॅलेट त्याचं, चूक त्याची, भरपाईही त्यानंच दिली. त्याला कळत नव्हतं ते एवढंच: "अगं, मी दहा फळ्या मोडून बघितल्या होत्या. सरासरी चारशे किलोच्या वर. आपल्याला फळीमागे पावणेदोनशेसुद्धा लागत नाहीत. मग मोडली कशी?"

पुन्हा सरासरीच. मी त्याला म्हटलं, "दादा, मामांच्या रानात पैसा उजव्या टोकाला होता. तुझ्याकडे धोका डाव्या टोकाला आहे. सरासरीची फळी कधीच मोडत नाही."

आम्ही ५९ फळ्या मोडायच्या ठरवल्या. हा आकडा उगाच नाही. समजा शंभरातल्या पाच फळ्या एका ठरावीक ताकदीपेक्षा कमजोर आहेत. एक फळी उचलली तर ती बरी निघण्याची शक्यता ०.९५. ५९ च्या ५९ बऱ्या निघण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा ५९ वा घात, ०.०४८५. पाच टक्क्यांच्या आत. म्हणून ५९ मधली सर्वात कमजोर फळी ज्या वजनाला मोडते, त्याच्यावर किमान ९५ टक्के फळ्या टिकतील असं ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं, आणि त्यासाठी कोणतंही वितरण गृहीत धरावं लागत नाही. ७५ टक्के खात्री पुरणार असेल तर २८ फळ्याही चालतात. दादा आधी २८ वरच अडला होता, कारण मोडलेली फळी म्हणजे त्याच्यासाठी गेलेले पैसे. मग म्हणाला, होऊ दे ५९.

लाकडाच्या ताकदीचे छापील आकडे असतात, पण ते बहुधा लहान, निर्दोष तुकड्यांवर घेतलेले असतात. त्यात गाठ नाही, तडा नाही, तंतूंची रेषा सरळ. तो जातीचा गुण झाला. दादाच्या फळ्या पाइनच्या, गाठींसकट. तेव्हा त्याच मोडायला हव्या होत्या. गठ्ठ्यांतून चिठ्ठ्या टाकूनच निवडल्या, या वेळी मी वरवरच्या उचलू दिल्या नाहीत. दोन आधार एक मीटर अंतरावर, मध्ये हायड्रॉलिक जॅक आणि वजन दाखवायला लोड सेल. दोन रविवार गेले. फळी मोडायच्या आधी कुरकुरते, मग एक बारीक चटका ऐकू येतो आणि खालच्या बाजूनं फाटत जाते. गाठ असेल तर कुरकुरत नाही. एकदम जाते. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

सरासरी ४१० किलो. प्रमाण विचलन १२०. सर्वात कमजोर तीन १५२, १८८ आणि २०६.

आता इथे जे झालं ते मला या सगळ्या खटाटोपात सर्वात महत्त्वाचं वाटतं. सरासरी ४१० आणि विचलन १२० असणारी तीन वितरणं मी कागदावर शेजारी शेजारी काढली, नॉर्मल, लॉगनॉर्मल (उजवीकडे लांब शेपूट असलेलं) आणि वायबुल. मध्यभागी तिन्ही वक्र जवळजवळ एकावर एक. दादाला वेगळे ओळखू येईनात. मग मी त्याला विचारलं, शंभरातल्या सर्वात कमजोर पाच फळ्यांची हद्द कुठे? लॉगनॉर्मल म्हणालं २४६ किलो, नॉर्मल २१३, वायबुल २०८. आणि शंभरातली सर्वात कमजोर एक? लॉगनॉर्मल २०२, नॉर्मल १३१, वायबुल १३५. लॉगनॉर्मलवर विश्वास ठेवला असता तर दादानं सुटकेचा श्वास टाकला असता, आपलं काम पावणेदोनशेचं, शंभरात एकही फळी त्याखाली नाही म्हणून. प्रत्यक्षात १५२ ला मोडलेली फळी समोर पडली होती. मधल्या पन्नास फळ्यांवरून तिघांत निवड करता येत नाही. निवड टोकाच्या तीन-चार फळ्या करतात, आणि दहा फळ्या मोडल्या तर त्या बहुधा भेटतच नाहीत.

नॉर्मल आणि वायबुल जवळ आले होते, तरी मी वायबुल घेतलं. त्याला कारण आहे. वायबुल यांचा मूळ विचार साखळीचा होता. साखळी तिच्या सर्वात कमजोर कडीएवढीच मजबूत. फळीचंही तसंच आहे, ती सगळीकडून थोडी थोडी मोडत नाही, एका गाठीपाशी मोडते. याच विचारातून आणखी एक गोष्ट निघते. फळी मोठी केली की तिच्यात वाईट गाठ असण्याची शक्यता वाढते. दादाच्या फळ्यांचा आकाराचा आकडा ३.८ आला. त्या हिशेबानं आकारमान दुप्पट झालं तर लाकूड जो ताण सोसू शकतं तो सहाव्या हिश्शानं घटतो. दादानं त्याच वर्षी मोठ्या मापाची पॅलेट घेतली होती.

वायबुलनुसार १८० किलोच्या आत मोडणाऱ्या फळ्या शंभरात तीनला जरा कमी. ऐकायला थोड्या वाटतात. पण त्याच्या पॅलेटला फळ्या चौदा. चौदाच्या चौदा बऱ्या असण्याची शक्यता ०.९७ चा चौदावा घात, ०.६५. म्हणजे शंभरातल्या पस्तीस पॅलेटमध्ये निदान एक कमजोर फळी बसलेली. ती प्रत्येक वेळी मोडत नाही, कारण शेजारच्या फळ्या भार वाटून घेतात. फोर्कलिफ्टचा दात तिरका लागला, भार एकाच फळीवर आला, की त्या दिवशी ती मोडते. हा पस्तीसचा आकडा ऐकून दादा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी नशिबावर धंदा करत होतो."

उपाय त्यानंच काढला. प्रत्येक फळी बसवण्याआधी तिच्यावर १८० किलो टाकून बघायची. मोडली तर मोडली. वितरणाच्या भाषेत डावी शेपूट छाटून टाकायची. मला भीती होती ती एवढीच की या दाबानं टिकलेल्या फळ्याही आतून दुखावतील. म्हणून टिकलेल्यांतल्या वीस पुन्हा पूर्ण मोडून बघितल्या. त्यांची ताकद छाटलेल्या वक्राप्रमाणेच आली. मग त्यानं लोखंडी तरफेचं एक साधं साधन बनवून घेतलं. फळी ठेवायची, दांडा खाली ओढायचा, तीन मोजायचे, सोडायचा. एका फळीला दहा सेकंद.

पहिली चारशे फळ्यांची खेप आली त्या शनिवारी मी मुद्दाम गेले. माझा अंदाज बारा फळ्यांचा होता. तो मी आधीच वहीत लिहून, वही बंद करून दादाच्या टेबलावर ठेवली होती. संध्याकाळी सातला शेवटची फळी झाली. खाली मोडलेल्या चौदा पडल्या होत्या. दादानं खडूनं त्यांवर नंबर टाकले आणि आम्ही दोघं उकिडवं बसून एकेक बघत गेलो. नऊ मोडल्या होत्या मधल्या गाठीवर, तीन कडेच्या गाठीवर. उरलेल्या दोन फळ्यांत गाठ कुठेच नव्हती. रेषा मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरकी गेलेली. दोन्ही मी घरी घेऊन आले आहे. रेषेचा कोन मोजायला घेतलाय.